खिशातला छोटा घडीचा चाकू: सोलापुरात दहा महिने वापरल्यानंतर

ऑगस्ट ते मे असे दहा महिने तीन घडीचे चाकू आळीपाळीने खिशात वागवले. एक व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा क्लासिक एसडी, दुसरा ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ६ नंबर, कार्बन पोलादाच्या पात्याचा, आणि तिसरा चावीच्या आकाराचा, कुठलंही नाव नसलेला, शे-दोनशे रुपयांत मिळतो तो. काम साधंच: टॉवेलच्या गठ्ठ्याची सुतळी, किनारीचे सुटलेले धागे, पार्सलची चिकटपट्टी, पॅकिंगची प्लास्टिक पट्टी, दुपारी एखादं डाळिंब नाहीतर पेरू.

रोज खिशात राहिला तो क्लासिक. आणि तो पात्यामुळे राहिला नाही, कात्रीमुळे राहिला. चाकू घेताना सगळे पातं बघतात, त्याच्या पोलादाची चौकशी करतात. पण टॉवेलच्या मागांवर चालणाऱ्या गावात दिवसभरात जे कापावं लागतं त्यात निम्म्याहून जास्त धागा असतो. सुटलेला धागा पात्याने कापायला गेलात तर तो ताणला जातो आणि टेरी टॉवेलची आख्खी ओळ उसवते. कात्री तोच धागा मुळाशी, कापडाला धक्का न लावता तोडते.

क्लासिकची मापं सांगतो. मिटलेला ५८ मिलिमीटर लांब, ९ मिलिमीटर जाड, वजन २१ ग्रॅमच्या आसपास. पातं साडेतीन सेंटीमीटरच्या जवळपास. शिवाय कात्री, नखांची कानस, तिच्या टोकाला छोटा स्क्रूड्रायव्हर, मुठीत चिमटा आणि टूथपिक, शेवटी किल्ल्यांची कडी. जीन्सच्या आतल्या लहान खिशात हा बसतो आणि बाहेरून कळतही नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की चारचौघांत उघडला तरी कोणी दचकत नाही. लाल मूठ, छोटी कात्री, लोक त्याला नेलकटरच समजतात. ओपिनेलचं ७ सेंटीमीटरचं टोकदार पातं हॉटेलच्या टेबलावर उघडलं की शेजारचे वळून बघतात. चंचीत अडकित्ता बाळगणाऱ्या पिढीला त्यात काही वाटत नसे, आता वाटतं, आणि ते लक्षात घेऊनच चाकू निवडावा.

आता खरा त्रास. या गावात छोट्या चाकूचा पहिला शत्रू गंज नाही, कापसाचे तंतू आहेत. टॉवेलच्या कारखान्यात हवेत तंतू तरंगत असतात, खिशाच्या तळाशी त्यांचा थर बसतो. चाकूच्या सांध्यात तेल असेल तर हे तंतू तेलात भिजून राखाडी लगदा होतो, मग पातं अर्ध्यात अडकतं आणि कात्री दाबल्यावर परत उघडत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात पुन्हा तेलाच्या बाटलीकडे जातो आणि लगदा आणखी वाढतो. आधी धुवायचं, तेल शेवटी, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच.

धुण्याची पद्धत अशी. सगळी हत्यारं अर्धी उघडा, म्हणजे पातं, कात्री आणि कानस एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, चाकू पाण्याखाली धरा आणि प्रत्येक हत्यार १०-१२ वेळा उघडमीट करा. जुन्या टूथब्रशने आतली फट घासा. उरलेले तंतू लाकडी टूथपिकने ओढून काढा. त्यासाठी कापसाची काडी वापरू नका, ती स्वतःचेच तंतू मागे ठेवते. शेवटचं पाणी पिण्याचं घ्या. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर सांध्यात पांढरा क्षार धरतो आणि उघडताना कचकच येते. मग चाकू झटकून तासभर पंख्याखाली उघडा ठेवा. सगळं कोरडं झालं की सांध्यावर तेलाचं टिपूस, ४-५ वेळा उघडमीट, आणि बाहेर आलेलं तेल कापडाने पुसून टाका. कारखान्यात वावर असेल तर दर ३ आठवड्यांनी, नाहीतर दोन महिन्यांतून एकदा पुरतं.

कुठलं तेल? आपल्याकडे घरात करडईचं तेल असतं आणि तेच पटकन हाताशी येतं. ते सांध्यात कधीही घालू नये. हवा लागली की हे तेल हळूहळू घट्ट होत जातं आणि महिन्याभरात डिंकासारखं चिकट होतं. जवसाच्या तेलाचं तर आणखी लवकर होतं. खोबरेल इतकं वाईट नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते थिजतं आणि सकाळी सांधा जड लागतो. शिलाई मशीनचं तेल सगळ्यांत सोयीचं. पात्याने फळ कापायचं असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्यावं.

ओपिनेलबद्दल मनापासून चांगलं लिहावंसं वाटतं, कारण कापायला तिघांत तोच सर्वांत गोड. पातं पातळ, धार लवकर लागते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं आहे. ते फिरवलं की उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही. हे कडं कंपनीने १९५५ साली आणलं. २००० सालापासून ते मिटलेलं पातंही अडकवून ठेवतं, त्यामुळे खिशात आपोआप उघडायची भीती नाही. पण हा चाकू आपल्या हवेशी सारखा भांडतो. मूठ बीच लाकडाची आहे. सप्टेंबरच्या झडीत ती फुगली आणि पातं इतकं घट्ट झालं की नखाच्या खाचेत नख घालून निघेना. तेव्हा नखाशी झटापट करू नये. आधी कडं मोकळं करायचं, मग मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, की पातं थोडं वर येतं. उलट एप्रिलमध्ये लाकूड आक्रसतं आणि तेच पातं ढिलं हलायला लागतं. कोरड्या दिवसात सांध्याच्या खाचेत लिक्विड पॅराफिनचे ३-४ थेंब सोडून रात्रभर ठेवलं की लाकूड पाण्याला पुष्कळ कमी दाद देतं.

कार्बन पोलादाचं दुसरं दुखणं घामाचं. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर असताना खिसा दिवसभर ओलसर असतो आणि घामात मीठ. एका रात्रीत पात्यावर तांबूस ठिपके उठतात. डाळिंब सोलल्यावर पातं निळसर काळं पडतं, तो मात्र गंज नव्हे. सालीतलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळा थर धरतं आणि तो थर पुढे पात्याला थोडा आडोसाच देतो. काळा डाग घासत बसू नका, तांबूस डाग त्याच दिवशी काढा. एवढं सांभाळायचं नसेल तर याच नंबरात स्टेनलेस पातं मिळतं, तेच घ्यावं. क्लासिकच्या पोलादात सुमारे १४ टक्के क्रोमियम आहे, दहा महिन्यांत त्यावर एकही ठिपका नाही.

चावीच्या आकाराच्या चाकूवर फार शाई घालवत नाही. सांध्याचा स्क्रू दर आठवड्याला सैल होतो, धार चार पुठ्ठ्यांत जाते आणि पातं अडकवणारी पातळ पट्टी जोर दिला की सरकते. अडकवणारी पट्टीच नसलेलं पातं परवडतं, कारण तिथे आपण जपून असतो. अडकल्यासारखं वाटून ऐन वेळी सुटणारं पातं बोट कापतं.

क्लासिकच्या पात्याला अडकण नाही, फक्त स्प्रिंगचा दाब आहे. त्यामुळे टोक खुपसून काहीही फोडायचं नाही, ओढूनच कापायचं. प्लास्टिकची पॅकिंग पट्टी ताणलेली असते, तुटताना उसळून तोंडावर येते. एका बाजूला उभं राहा, पातं पट्टीच्या कडेला तिरपं लावा आणि अंगापासून दूर ओढा. पट्टीखाली पातं घालून पिळलं की सांधा हलायला लागतो, आणि हा सांधा रिव्हेटचा असल्यामुळे घरी घट्ट करता येत नाही. ती पट्टी छोट्या कात्रीत मुळीच घालू नका, कात्रीची पाती एकमेकांपासून फाकतात आणि नंतर धागा न तुटता मध्ये दुमडतो. पुठ्ठ्याची खोकी उघडताना फक्त चिकटपट्टी कापावी. पुठ्ठ्यात खनिजाची पूड आणि कचकच असते, धार तिनेच जाते. पात्याला चिकटलेला गोंद खोबरेलाने निघतो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर मुठीला लागू देऊ नका, प्लास्टिक विरघळून चिकट होतं.

धार लावायला सायकलवर दगड फिरवणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नये. त्याच्या कौशल्याला नाव ठेवत नाही, विळी आणि कोयत्याला तो उत्तम. पण एवढंसं पातं कोरड्या फिरत्या दगडावर क्षणात तापतं, कडेला निळी झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं असं समजावं, मग धार टिकत नाही. घरी १००० नंबरचा, म्हणजे मध्यम बारीक कणांचा, धारेचा दगड पुरतो. पाण्याने भिजवा, धारेवर मार्कर पेनची रेघ ओढा, पातं दगडावर साधारण १५ ते २० अंशांत तिरपं धरा आणि हलक्या हाताने एका बाजूने १०-१२ वेळा फिरवा. रेघ धारेच्या अगदी कडेपर्यंत पुसली तर कोन बरोबर, कडेला उरली तर पातं फार आडवं धरलंय, वरच्या बाजूला उरली तर फार उभं. दुसऱ्या बाजूला बोटाने अलगद तपासलं की धारेवर उठलेली धातूची बारीक तार लागते. मग बाजू बदला. शेवटी एकेक वेळ आलटूनपालटून, आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट्या दिशेने, म्हणजे धार मागे राहील असं, १५-२० वेळा ओढा. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाची झिलई नसलेली खरबरीत कड वेळ मारून नेते. वर्तमानपत्राचा कागद हातात लटकता धरून चिरला गेला की झालं.

चिमट्याला कमी लेखू नका. माळावर वेड्या बाभळीचा काटा पायात गेला की नखाने निघत नाही, याने निघतो. सहा-सात महिन्यांनी चिमटा मुठीत सैल बसायला लागतो आणि हरवतो. त्याचे दोन्ही पाय बोटांनी जरासे फाकवले की पुन्हा घट्ट बसतो.

नकली माल भरपूर आहे. घेताना पातं उघडून त्याच्या मुळाशी कंपनीचं आणि देशाचं नाव कोरलेलं आहे का ते पाहा. उजेडापुढे धरा, पातं आणि कात्री यांच्या फटी सारख्या असाव्यात. प्रत्येक हत्यार उघडताना शेवटी ठाम टक्क असा आवाज यायला हवा.

कायद्याचं नीट समजून घ्यावं. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं धरली आहेत, घरगुती आणि शेतीच्या वापराची हत्यारं वगळून. इथला कुठलाच चाकू त्या मापाजवळ जात नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीत, मोर्चाच्या काळात मनाई आदेश निघतात, आणि त्यांत लाठ्या, तलवारी, भाल्यांबरोबर सुरेही लिहिलेले असतात. तेव्हा माप दाखवून वाद घालायचा नसतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत जाताना, न्यायालयात, पंढरपूर-तुळजापूरच्या दर्शनरांगेत चाकू घरीच ठेवावा. बटण दाबून उघडणारा रामपुरी धर्तीचा चाकू तर कितीही छोटा असला तरी घेऊ नये. विमानाने जायचं असेल तर चाकू आदल्या रात्रीच किल्ल्यांच्या कडीतून काढून काउंटरवर जमा होणाऱ्या बॅगेत टाका, कारण सकाळच्या घाईत तो किल्ल्यांबरोबर हातातच राहतो आणि तपासणीच्या टेबलावरून परत मिळत नाही.