दापोलीजवळचं स्पिरुलिना युनिट: जरूर बघा, फक्त पाऊच बदला

दापोलीहून हर्णैकडे जाताना आत एका वाडीत हे घरगुती युनिट आहे, टाक्यांत वाढवलेल्या स्पिरुलिनाची (खायच्या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवाची) पावडर विकतात आणि आधी फोन केला तर टाक्या पण फिरून दाखवतात. मी बारावीला बायो शिकवते त्यामुळे जरा जास्तच उत्साहात गेले आणि खरंच पैसे वसूल. सकाळी लवकर जा, कापणी तेव्हाच असते. वहिनी टाकीतलं पाणी कापडातून गाळतात, मागे राहिलेला गडद हिरवा गोळा दाबून दाबून घट्ट करतात आणि मग चक्क शेवेच्या सोऱ्यातून जाळीवर पाडून वाळवतात.

टाक्यांवर हिरवी नेट आहे. का विचारलं तर दादा म्हणाले, "मे महिन्याचं ऊन थेट लागलं तर माल पिवळा पडतो ओ." अगदी बरोबर, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते इथेच. स्पिरुलिना म्हणजे सायनोबॅक्टेरिया, उजेडावर अन्न बनवणारे जीवाणू, त्यांच्याकडे उन्हापासून वाचायची स्वतःची सोय असते, ऑरेंज कॅरोटिनॉइड प्रोटीन, थोडक्यात ओसीपी. कडक उजेडातल्या निळ्या-हिरव्या प्रकाशाने हे प्रोटीन नारिंगीचं लाल होतं, आतलं कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य साधारण १२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सरकतं (हे २०१५ मध्ये कळलं), मग ते प्रकाश गोळा करणाऱ्या फायकोबिलिसोमला जाऊन चिकटतं आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून निघून जाते, नाहीतर त्याच ऊर्जेने घातक ऑक्सिजन तयार होऊन प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच खराब होते. ऊन उतरलं की एफआरपी नावाचं दुसरं प्रोटीन त्याला सोडवायला मदत करतं, परत नारिंगी. आणि ओसीपीची रचना २००३ मध्ये उलगडली ती आर्थ्रोस्पायरा मॅक्सिमामधल्या प्रोटीनवरून, म्हणजे स्पिरुलिना म्हणून विकतात त्यातलीच एक जात! पण या सोयीलाही मर्यादा आहेच, म्हणून वर नेट लागते.

आता तक्रार. टाकीला एवढं जपतात आणि तयार पावडर मात्र पारदर्शक पाऊचमध्ये, तेही खिडकीत उन्हात मांडलेली. वाळलेल्या पावडरीत ओसीपीचं हे काम चालत नाही, आणि तिच्यातलं निळं रंगद्रव्य फायकोसायनिन उजेडाने आणि उष्णतेने खराब होतं. खिडकीतलं पाऊच आतल्या कपाटातल्या पाऊचशेजारी धरून बघितलं तर रंग सरळ फिका दिसत होता. वहिनींना सांगितलं, त्यांनी लगेच कपाटातलं काढून दिलं. तुम्ही गेलात तर तेच मागा आणि घरी काळ्या डब्यात ठेवा.