ग्रॅव्हलोमीटर: ओढ्यातले गोटे मोजायची पाटी

छोट्या ओढ्यांतल्या गाळाचा अभ्यास करणाऱ्याने पहिली कुठली वस्तू घ्यावी, असं कुणी विचारलं तर मी ग्रॅव्हलोमीटरचंच नाव घेते. ॲल्युमिनियमची एक पातळ पाटी आणि तिच्यात २ मिलिमीटरपासून १८० मिलिमीटरपर्यंतची चौदा मापांची चौकोनी भोकं. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या सुमारे १.४ पट. बॅटरी नाही, की पाण्यात भिजून बिघडेल असं काही नाही.

वापरायची रीत नद्यांचे अभ्यासक वोल्मन यांनी १९५४ मध्ये मांडलेली. ओढ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पावलं टाकत जायचं, दर पावलाला नजर दुसरीकडे ठेवून बुटाच्या टोकाशी बोट खाली न्यायचं आणि बोटाला पहिला लागेल तो गोटा उचलायचा. असे निदान शंभर. बघून उचललं की हात आपोआप मोठ्या, देखण्या गोट्याकडे जातो. उचललेला गोटा ३२ च्या चौकोनातून गेला नाही पण ४५ च्या चौकोनातून गेला, की वहीत त्या वर्गात एक रेघ. मोजपट्टी घेऊन मधला अक्ष, म्हणजे गोट्याची लांबी आणि जाडी यांच्या मधली रुंदी, शोधत बसलं की दोघांची मापं दोन येतात. पाटीमुळे तो वाद बराच कमी होतो, आणि आकडे चाळणीच्या आकड्यांशी जुळवता येतात.

या रेघांमधून काय हाती लागतं, ते मला फार मोलाचं वाटतं. समजा, निम्मे गोटे ३२ मिलिमीटरहून लहान निघाले आणि उतार शंभर मीटरला एक मीटर आहे. तळावरचे कण कधी हलायला लागतात हे सांगणाऱ्या शील्ड्स यांच्या निकषात ०.०४५ हा आकडा धरला, तर पाणी साधारण २४ सेंटिमीटर खोल झालं की तळ हलायला लागतो. म्हणजे कुठल्या पुरात गोटे सरकतील आणि कुठल्या पाण्यात नुसती वाळू वाहील, याचा अंदाज एका दुपारच्या कामात बांधता येतो.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. चपटा गोटा चौकोनातून तिरका निसटतो, त्यामुळे पातळ चकत्यांत फुटणाऱ्या खडकाच्या ओढ्यात मापं लहान येतात. २ मिलिमीटरच्या खालचं सगळं एकाच खात्यात जमा होतं. वाळू, गाळ, चिकणमाती वेगळी करायला चाळण्याच लागतात. डोहात साचलेल्या मऊ गाळासाठी तर ही पाटी घेऊच नका. शिवाय ती फक्त वरचा थर सांगते. बारीक कण धुऊन गेल्यामुळे वर जाड गोट्यांचं कवच उरतं, खालचा माल बहुतेक वेळा त्याहून बारीक असतो. वाहून जाणाऱ्या गाळाचा हिशेब नुसत्या वरच्या थरावरून मांडलेला पाहिला की मला राहवत नाही. खालचा नमुना घ्याच.

रुतलेला मोठा दगड उपटू नका, पाटीच्या कडेवरची पट्टी त्याला लावून जागीच माप घ्या. विकत घेताना पट्टी आणि मापांचे आकडे कोरलेले आहेत ना, ते बघा. छापलेले आकडे वाळूने घासून पुसट होतात, आणि गुडघाभर गढूळ पाण्यात उभं राहून २२.६ आणि ३२ यांतला फरक डोळ्यांनी ओळखणं अवघड जातं.