पावसाळ्यात साइटच्या बुटाला स्प्रे मारावा की मेण लावावं?

मृग लागला की साइटवर दोन प्रश्न हमखास निघतात. ताडपत्री कुठे ठेवली, आणि बुटाला काय लावायचं. पहिल्याचं उत्तर स्टोअरवाला देतो. दुसऱ्याचं उत्तर मी चार पावसाळे भिजून काढलं, तेच इथे मांडतोय. मी नागपूरजवळ बुटीबोरीकडच्या एका कामावर सुपरवायझर आहे. कंपनी वर्षाला सेफ्टी बुटांची एकच जोड देते. हे ‘एकच’ जरा ध्यानात असू द्या, कारण माझा निकाल शेवटी त्याच्यावरच लागला.

गमबूटच घाला म्हणणारेही भेटतात. काँक्रीट ओतायच्या दिवशी मीही घालतो. पण दिवसभर त्यात फिरायचं तर पाय बाहेरच्या पाण्याने नाही, आतल्या घामाने भिजतो. तेव्हा बोलू चामड्याच्या बुटाबद्दलच.

तेलाचं आधी उरकून घेतो, कारण घरात असतं म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडच्या डिसेंबरात ते बुटाच्या घड्यांमध्ये पांढरं होऊन बसतं. आमच्या एका फिटरने गावाकडचं घाण्याचं जवसाचं तेल चोपडलं होतं. जवसाचं तेल रंगवाले वापरतात ते काही उगीच नाही, हवा लागली की ते वाळून कडक होतं. महिनाभरात त्याचे बूट चालताना पापडासारखे वाजायला लागले. त्यातल्या त्यात शहाणं एरंडेल. वाळत नाही, दाट असतं, हळूहळू मुरतं. आजोबांच्या विहिरीवर चामड्याची मोट होती, तिला एरंडीचंच तेल लागायचं असं बाबा सांगतात. मात्र नुसतं एरंडेल चामडं मऊ ठेवतं, पाणी फारसं अडवत नाही. आणि हात सैल सुटला की पँटचा खालचा काठ काळा होतो. तो धुताना निघतो का, हे माझ्या घरी विचारू नका.

इथेच एक घोळ होतो. चामडं मऊ ठेवणं हे एक काम आणि पाणी अडवणं हे दुसरं. चामड्याच्या तंतूंमध्ये चरबीचा अंश असतो, म्हणून ते एकमेकांवर सरकतात आणि बूट वाकतो. भिजणं-वाळणं, भिजणं-वाळणं असं चाललं की तो अंश निघून जातो, आणि मग बोटांपाशी जिथे रोज घडी पडते तिथे तडा जातो. स्प्रे दुसरं काम करतो, पहिल्याला हात लावत नाही. मेण-तेलाचा लेप दोन्ही करतो, पण दोन्ही थोडं-थोडं.

निवडायच्या आधी बुटावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच सेफ्टी बुटांचं चामडं बफ केलेलं, म्हणजे वरून घासलेलं, वर दाणेदार छाप उठवलेलं आणि रंगाचा थर दिलेलं असतं. थेंब तसाच फुगून बसला तर तो थर अजून शाबूत आहे, काहीही लावलं तरी वरच्या वर राहील. थेंबाखाली डाग पडला तर चामडं उघडं पडलंय आणि ते लावलेलं पिईल. नव्या बुटालाही घडीपाशी आणि शिवणीत थेंब मुरतोच. म्हणून माझी सगळी मेहनत तिथेच असते, टाचेला आणि घोट्याला मी फक्त हात पुसतो.

आता स्प्रे. त्याच्यावर अन्याय करायचा नाही, कारण पहिले दोन पावसाळे मी त्याच्याच बाजूने भांडत होतो. पाच मिनिटांचं काम. हात माखत नाहीत, बुटाचा रंग बदलत नाही, वास गेला की काही लावलंय हेही कळत नाही. पहिल्या सरीत पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं, आणि तेव्हा खरंच भारी वाटतं. तुमचा बूट मखमली पोताचा, म्हणजे स्वेड किंवा नुबकचा असेल तर पुढचं वाचूच नका, स्प्रेच घ्या. मेणाने तो पोत चपटा होतो, रंग काळवंडतो आणि मग काही केल्या परत येत नाही. फक्त मारताना गच्चीवर जा, वाऱ्याकडे पाठ करून. बंद बाथरूममध्ये मारू नका, तो बारीक फवारा छातीत गेलेला चांगला नाही.

माझं बिनसलं ते कॅनच्या पाठीवरच्या एका ओळीवरून. स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या बुटावर मारा, असं तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पूर्ण कोरड्या! जुलै महिन्यात, नागपुरात, एकच जोड असलेल्या माणसाने पूर्ण कोरडा बूट आणायचा कुठून?

माझी रोजची संध्याकाळ सांगतो. साडेसातला घरी पोचायचं. काळी माती तळव्याला अशी धरलेली की प्रत्येक बूट किलोभर जड. ती आधी काडीने, मग ब्रशने काढायची. लेस पूर्ण काढायची, आतलं पातळ सोल बाहेर, जीभ उलटी. मग वर्तमानपत्र कोंबायचं. त्यातही रविवारच्या पुरवणीचा चकचकीत कागद चालत नाही, तो पाणी ओढतच नाही, हे शिकायला मला एक पावसाळा लागला. नंतर कूलर. उन्हाळा संपला तरी आमच्या घरचा कूलर सप्टेंबरपर्यंत खिडकीतून निघत नाही, कारण टाकीत पाणी न घालता नुसता पंखा चालवला की समोर बूट वाळतात. रात्री एकदा उठून कागद बदलायचा. इतकं करून सकाळी सातला बूट बाहेरून कोरडा, आणि जिभेच्या मुळाशी बोट लावलं की गार. गार म्हणजे ओल आहे. त्याच्यावर स्प्रे मारला तर तो नीट धरत नाही, दुपारपर्यंत चिखलाच्या घर्षणाने निघून जातो. गेला हे कळतं केव्हा? मोजा ओला झाल्यावर.

एकदा घाई केली. गॅसवर कुकर होता, त्याच्या शेजारी ओट्यावर बूट ठेवले. ओट्यावर बूट ठेवल्याबद्दल जे ऐकलं ते वेगळंच, पण चामडंही झटक्यात वाळून ताठ झालं आणि पंधरवड्यात घडीवर आडवी भेग. त्या भेगेवर पुढे कुठलाच उपाय चालला नाही.

मेणाकडे वळलो तो याच कंटाळ्यापोटी. मेण-तेलाचा लेप किंचित दमट चामड्यावर चालतो, जुने लोक तर मुद्दाम ओलसर चामड्यालाच लावायचे. आतली ओल जसजशी उडते तसतसं तेल आत जातं, आणि मेण वर राहतं. मला तरी ते तसंच जाणवलं. सकाळी बूट थोडा गार लागला तरी घडीवर आणि शिवणीवर बोटभर लेप चोळायचा, पाच मिनिटं थांबून कापडाने पुसायचं आणि पाय घालायचा. वाळण्याची वाट बघणं संपलं, कूलरची रात्रपाळीही बरीच कमी झाली.

दमट म्हणजे मात्र ठिबकणारा नव्हे. हा धडा पोळ्याने दिला. आदल्या संध्याकाळी घाईत ओलाचिंब बूट जाड लेपून पिशवीत घातला. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक, पोराला लाकडी बैल घेऊन गल्लीभर फिरवलं. तिसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर आत पांढरी बुरशी. आता लावलेला बूट उघड्यावरच राहतो.

लेप तयार डबीतलाही मिळतो. मी घरी करतो, कारण नागपूरच्या इतवारी बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात मधमाशीचं पिवळं मेण मिळतं आणि पावशेरात दोन पावसाळे निघतात. वजनाने एक भाग मेण, दोन भाग एरंडेल. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्यामुळे पातेल्यात पाणी तापवून त्यात वाटी ठेवली की पुरतं, थेट आचेवर ठेवू नका. मेण घेताना वास घ्या, मधाचा यायला हवा. मेणबत्तीचं पांढरं मेण स्वस्त पडतं, पण घडीवर त्याचे पापुद्रे सुटतात. पहिल्यांदा साइटवर डबी उघडली तेव्हा आमचा क्रेनवाला म्हणाला, “काऊन गा, बुटाले लोणी चोपडून राह्यला का?” ऑगस्टात तोच बोटभर मागायला आला.

मेणाचे दोष लपवत नाही. बूट एक छटा काळा होतो. वर पॉलिश चमकत नाही, त्यामुळे ऑडिटच्या दिवशी तुमचे बूट सगळ्यांत गावठी दिसतील. दर रविवारी अर्धा तास जातो. आणि उन्हाळ्यात ते लावूच नये. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत लेप चिकट होतो, सिमेंटची धूळ धरून ठेवतो, आणि पहिल्या सरीला त्या धुळीचं बुटावर प्लास्टर होतं. सिमेंट अल्कधर्मी, चामड्याला ते खातं. म्हणून नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, संपेपर्यंत मी फक्त एरंडेलाचा पुसट हात देतो, तोही महिन्यातून एकदा, आणि सिमेंट रोजच्या रोज ओल्या फडक्याने पुसतो. मेणाची डबी मृगाला बाहेर निघते.

टिकण्याचं म्हणाल तर माझ्या पायांचा हिशोब असा: चिखलात स्प्रे चार-पाच दिवस, मेण दोन ते तीन आठवडे, पण बोटांपाशी दर आठवड्याला परत हात फिरवावा लागतो. तुमची साइट मुरमाची, कोरडी असेल तर हा फरक कमी पडेल. आणखी एक फरक मला आकड्यांपेक्षा मोठा वाटतो. मेण जायला लागलं की बूट आधी निस्तेज दिसतो, पाण्याचे मणी बसेनासे होतात. म्हणजे निदान एक दिवस आधी कळतं.

दोघांकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. पाणी चामड्यातून जितकं येतं त्याहून जास्त जिभेच्या बाजूने आणि घोट्यावरून येतं. 2023च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली, त्या सकाळी माझे बूट खालच्या रॅकवर होते. आत गाळ भरला होता, तिथे स्प्रे काय आणि मेण काय. आणि तळवा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असेल तर जोड खोक्यात वर्षानुवर्षं जपून ठेवण्यातही अर्थ नाही. दमट हवेने पीयू आतूनच खचतं, एक दिवस घातल्यावर भुगा होऊन गळतं. वरचं चामडं तोवर झकास असतं, तेच जास्त चीड आणतं.

तुमच्याकडे दोन जोड असतील, एक वाळताना दुसरी घालता येत असेल, किंवा काम बहुतेक ऑफिसात आणि साइटवर तासभरच फेरी असेल, तर माझ्या मते स्प्रे सोपा पडेल. एकाच जोडीवर आठवड्याचे सहा दिवस काढायचे असतील तर मी मेणच सुचवीन. आधी थोडं जिभेच्या मागे लावून रंग किती बदलतो ते बघा, मग पूर्ण बुटाला.

माझा शेवटचा कॅन अजून अर्धा शिल्लक आहे. पोराच्या शाळेच्या दप्तरावर मारतो. दप्तर रात्रभरात पूर्ण कोरडं होतं.