जीनोम सीक्वेन्सिंग सर्व्हिस: मशीन झकास, पार्सल रूम बेकार (5 पैकी 3 स्टार)

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण आमची दुसरी ऑर्डर अजून त्यांच्याकडेच आहे आणि मला ती सुखरूप हवीये. घेतलं होतं ते फुल पॅकेज, म्हणजे आपण फक्त किडा पाठवायचा, डीएनए काढणं, लाँग-रीड सीक्वेन्सिंग (डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणं), हाय-सी (कुठला तुकडा कुठल्या क्रोमोसोमवर ते लावायची पद्धत) आणि शेवटी जोडून तयार जीनोम (किड्याचा अख्खा डीएनए) हे सगळं त्यांचं. किडा म्हणजे मेफ्लाय, पाण्यात वाढणारा आणि पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगणारा. प्रजाती कुठली ते पण सांगत नाही, मिळायच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, तिथे उगाच जाळी घेऊन गर्दी नको.

आधी वाईट सांगून टाकतो. त्यांचा सॅम्पल फॉर्म बघूनच मला शंका यायला हवी होती. किमान 5 मायक्रोग्रॅम डीएनए पाहिजे म्हणे, अहो एवढ्याशा मेफ्लायमधून निघतो तो नॅनोग्रॅममध्ये मोजावा लागतो! फॉर्म उघड उघड उंदीर नाहीतर झाडाची पानं पाठवणाऱ्यांसाठी बनवलेला. फोन केला तेव्हा कळलं की लो-इनपुट (थोड्या डीएनएवर चालणारी) पद्धत आहे त्यांच्याकडे, फक्त वेबसाइटवर टाकायची राहिलीये. त्याहून कमी डीएनए असेल तर पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढून) वाढवून पण देतात, पण त्यात काही भाग जास्त वाढतात, काही गळतात, तर नाइलाज असेल तरच घ्या.

मग पहिलं पार्सल. किडा जिवंत असताना लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकलेला, उणे 80 ला ठेवलेला, भरपूर ड्राय आइस भरून पाठवला, आणि पार्सल पोचलं शुक्रवारी संध्याकाळी. सोमवारपर्यंत कोणी उघडलंच नाही. ड्राय आइस काय वितळून पाणी होत नाही, उडून जातो, त्यामुळे डबा कोरडा ठणठणीत आणि आत किडा खोलीच्या तापमानाला. रिपोर्ट आला की डीएनएचे तुकडे तुकडे झालेत, लाँग-रीडला चालणार नाही, आणि खाली एक ओळ, "कृपया नवीन सॅम्पल पाठवा." नवीन सॅम्पल! पंखवाला मेफ्लाय जगतो काही तास, फार तर एक-दोन दिवस, आमची प्रजाती पाण्याबाहेर येते ती वर्षातून एकदाच, म्हणजे ती एक ओळ आम्हाला एका वर्षाला पडली. पैसे परत दिले, ते मान्य, पण पैशाने सीझन परत येत नाही ना.

वर्षभर हात चोळत बसलो त्यात एक गोष्ट मात्र शिकलो. निम्फ, म्हणजे पाण्यातलं पिल्लू, पकडायला सोपं, म्हणून तेच पाठवायचा मोह होतो. पण त्याचं पोट शेवाळ आणि बॅक्टेरियांनी भरलेलं असतं आणि त्यांचा डीएनए पण सोबत सीक्वेन्स होतो. पंखवाला मेफ्लाय काही खातच नाही, तोंड निकामी, पोटात नुसती हवा, म्हणजे सॅम्पल आपोआप स्वच्छ. (शिवाय पंख फुटल्यावरसुद्धा एकदा कात टाकणारे आजचे कीटक हे एवढेच, उगाच सांगितलं.) हे सर्व्हिसवाल्यांनी सांगायला हवं होतं की नाही? आणि "एक नग पुरेल" हे पण खरं नाही, एवढ्या छोट्या किड्याला हाय-सीसाठी वेगळा दुसरा नग लागतोच, तो शक्यतो त्याच ठिकाणचा घ्या.

आता चांगलं. दुसऱ्या वेळी डेटा आला तो बघून मी खरंच खुर्चीतून उठलो. हाय-फाय रीड्स (मशीनने एका दमात अचूक वाचलेले डीएनएचे तुकडे) 15-20 हजार अक्षरांचे आणि अचूकता 99.9 टक्क्यांच्या वर. पूर्वी आम्ही 150 अक्षरांच्या शॉर्ट रीड्सवर दिवस काढलेत, त्यात रिपीट, म्हणजे तोच क्रम पुन्हा पुन्हा, आली की जोडणी तिथेच कोलमडायची. कॅडिसफ्लायचंच बघा, तोही पाण्यात वाढणारा किडा, तिचं रेशीम बनवणारं मुख्य जीन 20 हजार अक्षरांच्या वर जातं आणि बराचसा भाग तेच ते तेच ते, शॉर्ट रीड्सने ते सलग मिळणं जवळपास अशक्य. आमची जोडणी अर्थ बायोजीनोम प्रोजेक्टच्या (जगभरच्या प्रजातींचे जीनोम वाचायचा प्रकल्प) मापात आरामात बसली, म्हणजे कॉन्टिग (सलग जोडलेला तुकडा) एन50 1 मेगाबेसच्या वर, थोडक्यात निम्मा जीनोम 10 लाख अक्षरांहून लांब तुकड्यांत, 10 हजार अक्षरांत एकापेक्षा कमी चूक, आणि तुकडे क्रोमोसोमपर्यंत लावलेले. बुस्कोमध्ये, म्हणजे सगळ्या कीटकांत असायलाच हवीत ती जीन्स सापडतात का या चाचणीत, 1367 जीन्स तपासली, त्यात थोडीच गहाळ. इथे पूर्ण मार्क.

बॅक्टेरियाचे काही कॉन्टिग तसेच राहिलेले, ते काढायला तीन मेल करावे लागले. रॉ डेटाची लिंक काही दिवसांत बंद होते, लगेच उतरवून घ्या.

पण खरी गंमत त्यांच्या "कॉन्झर्व्हेशन अॅड-ऑन"ची, हे जादा पैसे देऊन अजिबात घेऊ नका. त्यात पीएसएमसी नावाच्या पद्धतीने जीनोमवरून संख्येचा ग्राफ काढून देतात, वर मोठ्या अक्षरात "घटती संख्या". अरे बाबांनो, पीएसएमसी एकाच किड्याकडे आई-बापाकडून आलेल्या दोन प्रतींतले फरक बघून हजारो वर्षांपूर्वीचे चढउतार सांगतो, गेल्या तीस-चाळीस वर्षांत काय झालं ते त्याला दिसतच नाही! अलीकडचं बघायचं तर दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असलेले लांबलचक पट्टे शोधायचे, ते जास्त म्हणजे जवळच्या नात्यात जोड्या लागताहेत. ते पट्टे मी स्वतः काढले, फुकटच्या सॉफ्टवेअरवर, एका दुपारी. आणि किडे कमी झाले हे सांगायला शेवटी मोजणीच लागते, अमेरिकेत लेक ईरीवरच्या हेक्साजेनिया मेफ्लायचे थवे हवामानाच्या रडारवर मोजले तेव्हा कळलं की काही वर्षांतच ते निम्म्याहून कमी झाले. एका किड्याच्या जीनोममधून असला आकडा निघत नाही, कोणी विकत असेल तरी.

घ्यायची असेल तर बिनधास्त घ्या, फक्त पार्सल सोमवारी सकाळी काढा, घेणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन आधी मागून ठेवा, आणि किड्याचा एक पाय इथेच इथेनॉलमध्ये राहू द्या, उद्या प्रजातीवरून वाद झाला तर कामाला येतो. आत्ता त्यांच्याकडे स्टोनफ्लाय (हाही पाण्यात वाढणारा किडा) गेलाय. परवा त्यांचा मेल आला, जादा नग पाठवता येतील का म्हणून. नाहीत, असं कळवलंय.