डाव्या ॲक्सलचा आतला जॉइंट आणि दोन फाउंडेशन : आठ महिने, १३ हजार किलोमीटर

ॲक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा, आणि फाउंडेशन म्हणजे इंजिन धरून ठेवणारी रबरी माउंटिंग. हे काम ऑक्टोबरात झालं, आता जून उजाडला. मधे नागपूरचा अख्खा उन्हाळा गेला. गाडी २०१६ ची डिझेल हॅचबॅक आहे आणि काम केलं तेव्हा मीटरवर ८८ हजार होते. रोजचा रस्ता मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी, जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर, आणि बहुतेक दिवस गाडीत आम्ही चौघं. निकाल आधीच सांगतो : रेस देताना येणारी थरथर गेली ती गेलीच. पण एक दुसरी कुरकुर विकत घेतली. तिच्याबद्दल पुढे लिहितो, कारण दुकानदार ती सांगत नाही.

त्रास असा होता. तिसऱ्या-चौथ्या गिअरमधे ५० ते ७० च्या दरम्यान जरा जोरात रेस दिली की बुडाखालची सीट आणि पायाखालची फरशी थरथरायची. स्टीअरिंगवर फारसं काही नाही, पण गाडीचं नाक डावी-उजवीकडे डुलल्यासारखं वाटायचं. पाय उचलला की लगेच शांत. मी एकटा असलो तर जेमतेम जाणवायचं, चौघं असलो की ठसठशीत. मागे बसणारा सहकारी म्हणायचा, "मसाजचे पैसे वेगळे घेत जा भाऊ."

लाज वाटते ती याची की मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पंप आणि मोटारींचं व्हायब्रेशन मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी सगळ्या जगासारखा सरळ अलाइनमेंट-बॅलन्सिंगच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. ९०० रुपये दिले, फरक शून्य. मग पुढची चाकं मागे, मागची पुढे. तरी तेच. मग एका नावाजलेल्या सर्व्हिस सेंटरनं इंजेक्टर साफ करून दिले, ३,२०० रुपये. इंजिन खरंच थोडं मऊ झालं, थरथर मात्र जागच्या जागी. शेवटी तिथल्याच एकानं चारही टायर बदलायचा सल्ला दिला. टायर २२ हजार किलोमीटर चाललेले, नक्षी चांगली शिल्लक. तिथं मी थांबलो.

सीमेंट रोडनं गोंधळ आणखी वाढवला होता. आपल्याकडे शहरभर सीमेंटचे रस्ते झालेत आणि त्यांचे सांधे ठरावीक अंतरावर धप-धप करतात. वेग वाढला की तीच धप-धप जवळ जवळ येते आणि गाडीच थरथरते असं वाटतं. म्हणून अशी तपासणी डांबरी तुकड्यावरच करावी. मी दोन आठवडे रस्त्याचा दोष गाडीला आणि गाडीचा रस्त्याला देत होतो.

नरेंद्रनगरच्या आतल्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे शेजाऱ्यानं पाठवलं. मी टायरचं बोललो तसे ते म्हणाले, "टायर कायले बदलता जी? पाय सोडल्यावर टायर फिराचे थांबते का?" एवढ्या वाक्यात माझे ४,१०० रुपये कुठे गेले ते कळलं. चाक असमतोल असेल तर रेस द्या की सोडा, त्या वेगाला ते हादरणारच. माझी थरथर पाय उचलल्याबरोबर जात होती, म्हणजे चाकावर जोर पोचतो त्या वाटेवर कुठेतरी खोट होती.

मग काका शेजारी बसले आणि आम्ही अजनीकडून वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर गाडी घातली. चढ असल्यानं इंजिनवर आपोआप जोर येतो, वेगळं वजन भरायला नको. ६० ला तिसऱ्यात रेस दिली : थरथर. तोच वेग, चौथा गिअर : तीच थरथर, तेवढीच जलद. तिसऱ्यात इंजिन अडीच हजाराच्या आसपास फिरत होतं, चौथ्यात अठराशेच्या. दोष इंजिनाच्या फिरण्यात असता तर गिअर बदलल्यावर थरथरीची लय बदलायला हवी होती. मग ६० लाच क्लच दाबला : चिडीचूप. ब्रेक मारताना काही नव्हतं, म्हणजे डिस्क वाकडी नाही. पहिल्या गिअरमधे गाडी हलवताना हिसका नव्हता, म्हणजे क्लचप्लेटही ठीक. पूर्ण स्टीअरिंग कापून यू-टर्न घेतला, कट-कट आवाज नाही, म्हणजे चाकाकडचा बाहेरचा जॉइंट शाबूत. उरला गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट.

रॅम्पवर चढवल्यावर तो लपून राहिला नाही. डाव्या आतल्या बुटाचा (जॉइंटवरच्या रबरी टोपणाचा) क्लॅम्प सैल, ग्रीस फिरून-फिरून आजूबाजूला उडालेलं, त्यावर धुळीचा काळा थर. ॲक्सल हातानं वर-खाली हलवला तर जाणवण्याइतका प्ले, म्हणजे ढिलेपणा. खोलून पुसलं, तेव्हा काकांनी माझं बोट धरून जॉइंटच्या कपाच्या, म्हणजे बाहेरच्या वाटीच्या, आतल्या खाचेवर फिरवलं. नख अडकत होतं.

आत काय असतं ते थोडक्यात. तीन दांड्यांचा एक तुकडा, प्रत्येक दांडीवर एक गोल बेरिंग, आणि ही तीन बेरिंग कपाच्या तीन खाचांमधे पुढे-मागे सरकतात. चाक खड्ड्यात वर-खाली होतं, गिअरबॉक्स जागचा हलत नाही. दोघांमधलं अंतर आणि कोन जुळवून घ्यायचं काम या सरकण्याचं. खाचेत घळ पडली की बेरिंग गुळगुळीत सरकत नाही, अडखळतं, आणि जोर जितका जास्त तितकं जास्त अडखळतं. चाकाच्या एका फेऱ्यात तीनदा. रात्री घरी बसून हिशेब केला : माझ्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर, ६० च्या वेगाला चाक सेकंदाला साडेआठ फेरे मारतं, त्याच्या तिप्पट म्हणजे पंचवीस-सव्वीस हादरे. दुसऱ्या दिवशी फोनमधलं व्हायब्रेशनचं ॲप चालू करून फोन सीटच्या रुळावर चिकटवला. आलेखाचं शिखर बरोबर सेकंदाला पंचवीस हादऱ्यांच्या जवळ. चाकाचा दोष असता तर ते साडेआठाशी दिसलं असतं. हे मी दोन महिने आधी करायला हवं होतं. करत नाही आपण.

फाउंडेशनचं म्हणाल तर बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून आणि ब्रेक दाबून क्लच किंचित सोडला, आधी पहिल्यात मग रिव्हर्समधे. मी बाजूला उभा होतो (गाडीसमोर उभं राहून हे कधी पाहू नये). इंजिन चांगलं उचलून आपटत होतं. उजवं माउंटिंग दबून खाली बसलेलं, खालच्या टॉर्क रॉडचं (इंजिनाला झोके घेण्यापासून अडवणाऱ्या दांडीचं) रबरी बुश फाटलेलं. मला वाटलं हे वेगळं काम, नंतर करू. काका म्हणाले, "नवा जॉइंट टाकसान आन् इंजिन असंच ठेवसान, तं सहा महिन्यांत परत याल." इंजिन खाली बसलं की जॉइंट जास्त वाकून फिरतो, आणि जितका वाकतो तितकं बेरिंग प्रत्येक फेऱ्यात लांब सरकतं. पटलं.

पर्याय तीन होते : भंगारातला जुना अख्खा ॲक्सल, नवा अख्खा ॲक्सल, किंवा कप आणि बेरिंगसकट फक्त आतल्या जॉइंटचं किट. जुन्याच्या आतली घळ कोण पाहणार? म्हणून ते सोडलं. बाहेरचा जॉइंट चांगला असल्यानं किट घेतलं, २,४०० रुपये. माउंटिंग आणि टॉर्क रॉड मिळून ३,८००, ॲक्सल ओढला की गिअर ऑइल सांडतंच म्हणून ते नवीन ९००, मजुरी १,५००. एकूण ८,६००. हबचा नट मी नवीनच लावायला सांगितला आणि टॉर्क रेंचनं कसायला लावला. काकांना ते फारसं आवडलं नाही.

पहिल्याच दिवशी डबल डेकर पुलावर चौघांसह चढलो. काही नाही. मसाजवाला मित्र गप्प बसला, ही खरी पावती.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी ९० च्या पुढे स्टीअरिंगवर एक बारीक कंप सापडला. पोटात गोळा आला. पाय सोडला तरी तो राहत होता, तेव्हा हायसं वाटलं : हे साधं चाक. डाव्या रिमवरचं बॅलन्सिंगचं एक वजन कुठेतरी गळालं होतं. मोठ्या थरथरीखाली कदाचित आधीपासूनच दबलेलं असेल. पुन्हा बॅलन्सिंग केलं आणि गेलं. म्हणजे ज्या दुकानाला मी मनात शिव्या दिल्या होत्या तिथंच परत गेलो.

तिसऱ्या महिन्यात नव्या बुटातून ग्रीस पाझरायला लागलं. किटमधला पातळ क्लॅम्प सरकला होता. ६० रुपयांचा स्टीलचा क्लॅम्प बसवला, ग्रीस पुन्हा भरलं, नंतर थेंब नाही. हे वेळेत दिसलं ते फक्त मी दर महिन्याला खाली वाकून टॉर्च मारतो म्हणून. किट घेणाऱ्यांनी क्लॅम्प आधीच वेगळा घ्यावा.

आता ती कुरकुर. नवं माउंटिंग मूळ कंपनीचं नाही, आणि त्याचं रबर मूळच्यापेक्षा कडक आहे. सिग्नलला एसी चालू ठेवून उभं राहिलं की आरसा थरथरतो आणि डॅशबोर्डचा एक कोपरा गुणगुणतो. पहिले दोन महिने चिडचिड झाली. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि गाडी दिवसभर कंपनीच्या उघड्या पार्किंगमधे. त्यानंतर रबर थोडं नरम पडलं की माझे कान मेले, सांगता येत नाही. बायको म्हणते अजून तसंच आहे. पुन्हा करायचं झालं तर माउंटिंगला हजार-दीड हजार जास्त मोजून मूळ कंपनीचंच घेईन. जॉइंटचं किट मात्र हेच.

डिसेंबरात समृद्धीवरून शिर्डीला जाऊन आलो. शिवमडक्याहून चढलो ते १०० ला लावून बसलो, ओव्हरटेकला ११० च्या पुढेही रेस दिली. फोन सीटच्या रुळावर होताच. पंचविसाचं शिखर कुठेच नाही, फक्त सीमेंटच्या सांध्यांची टप-टप.

या आठवड्यात टॉर्च मारताना उजव्या आतल्या बुटावर बारीक भेगा दिसल्या. ग्रीस अजून आत आहे, प्ले नाही. नवा बूट आणि दोन स्टीलचे क्लॅम्प आणून डिकीत ठेवलेत. काका म्हणाले पोळ्याच्या आधी आणा.