आजोबांचं पवित्र शास्त्र शिवून घेतलं: धुळ्यातल्या एका बायंडिंगच्या दुकानाचा अनुभव

एका पुस्तकासाठी नवापूरहून कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याला जायचं, हे घरात कुणाला पटत नव्हतं. पण ते माझ्या आजोबांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी बायंडिंगला दिलं होतं. त्यांनी पाठीला नुसता गम फासला आणि कडा सारख्या दिसाव्यात म्हणून न विचारता मशीनवर कापल्या. समासातली आजोबांची निम्मी अक्षरं त्यात गेली. वर्षभरात पानंही पुन्हा सुटली.

आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान म्हणजे एकच खोली. काकांनी आधी पाठ पाहिली, मग विचारलं, "नुसतं ठेवायचंय का रोज उघडायचंय? ठेवायचं असेल तर चिकटवून देतो. रोज उघडायचं तर जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवावे लागतील."

मला पटकन उत्तर देता येईना. पानं सुटल्यापासून मी मोबाईलवरच वाचत होते, तेही बहुतेक रविवारी. समोर लूकचा, म्हणजे बायबलात येशूचं चरित्र सांगणाऱ्या एका पुस्तकाचा, नववा अध्याय उघडा पडला होता. वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, हे येशूचं बोलणं मत्तय आणि मार्क या तशाच पुस्तकांमध्येही आहे, पण 'दररोज' हा शब्द एकट्या लूकमध्ये, ९:२३ ला. आजोबांनी त्याखाली दोनदा रेघ ओढलीय.

"रोज," मी म्हटलं.

काम मात्र मनापासून केलंय. खळ दुकानातच शिजवलेली, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. फाटक्या घड्यांना आतून पातळ कागदाच्या पट्ट्या, मग एकेक जुज दोऱ्याने ओवलेला. कडांना सुरी लावली नाही.

त्याच अध्यायात ९:६२ ला नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याची गोष्ट येते. आजोबा जन्मभर बैलांमागे चाललेले. मागं पाहिलं की नांगराचं तास वाकडं जातं हे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथल्या कापलेल्या समासात '१ राजे' एवढंच, बायबलातल्याच दुसऱ्या एका पुस्तकाचं नाव, उरलंय. म्हणून मी १ राजे १९:२१ काढलं. अलीशा बारा जोड्यांनी नांगरत होता. एलीया संदेष्ट्याच्या मागे निघताना त्याने बैल कापले, औताची लाकडं जाळून मांस शिजवलं आणि लोकांना वाढलं. परत यायला औतच ठेवलं नाही. शेजारी आतल्या समासात, म्हणून कापण्यातून वाचलेला, शिसपेन्सिलीचा एकच शब्द: 'भट्टी'. बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी आजोबांनी घरची मोहाच्या दारूची भट्टी फोडली, असं आजी सांगायची.

पंधरा दिवस म्हणाले आणि महिना लावला, माझी एक फेरी फुकट गेली. पाठीवरची सोनेरी अक्षरंही जरा तिरकी आहेत. ४५० रुपये झाले, ते मला जास्त वाटले नाहीत. जुनं पुस्तक कुठेही द्या, पण 'कडा कापू नका' हे आधी सांगा.

आता पहाटे टेबलावर लूक उघडते. पान हाताने दाबून धरावं लागत नाही.