व्हीआर दृश्यात बटणं कुठं ठेवायची? दोन कामं, चार पर्याय

समजा, नागपुरात बसून तुम्हाला व्हीआरची, म्हणजे डोळ्यांवर खास चष्मा चढवून बघायच्या आभासी दृश्यांची, दोन कामं करायची आहेत. पहिलं, सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईचं पाच मिनिटांचं दृश्य. ते प्रदर्शनात मांडायचं, म्हणजे पाहणाऱ्यांत शाळेची पोरं, आजोबा, सगळेच. दुसरं, बुटीबोरीतल्या कारखान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षण: दुरुस्तीआधी मशीनचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावायचा सराव. दृश्य कसं उभं करायचं हे तुम्हाला येत असेलच. घोडं अडतं ते माणसाला माहिती आणि बटणं कुठं दाखवायची, यावर.

सगळ्यात सोपा वाटणारा पर्याय म्हणजे मोबाईल गेमसारखा मेनू नजरेच्या कोपऱ्यात चिकटवून ठेवणं. तो मी बादच करतो. कोपऱ्यातलं वाचायला माणूस मान वळवतो, तर मजकूरही मानेबरोबर पळतो. त्यात मेटाच्या क्वेस्ट २ या व्हीआर चष्म्याच्या भिंगांना कडेला धूसर दिसतं. युनिटीत (दृश्य बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इंजिनमध्ये) तर पडद्यावर थेट चिकटणारा ओव्हरले कॅनव्हास चष्म्यात दिसतच नाही, तो दृश्याच्या जागेत मांडावा लागतो. एखादी ओळ सबटायटल म्हणून चालेल, पण तीही मानेमागून जरा उशिरानं, हळू सरकत आलेली बरी.

दुसरा पर्याय दृश्यात उभा केलेला फलक. वाचायचा मजकूर जास्त असेल तर याला तोड नाही. मात्र अंतर सांभाळा. चष्म्याची भिंगं डोळ्याला साधारण मीटर-दीड मीटरवर फोकस करायला लावतात. फलक नाकासमोर आणला की दोन्ही डोळे आत वळतात, फोकस मात्र तिथंच राहतो आणि डोकं धरतं. म्हणून अर्ध्या मीटरच्या आत मजकूर नको, दीड-दोन मीटर उत्तम, नजरेच्या रेषेपेक्षा किंचित खाली. मापासाठी गूगलनं २०१७ मध्ये मांडलेला हिशेब अजून कामाचा आहे: एक मीटरवर अक्षर २४ मिलिमीटर आणि बटण ६४ मिलिमीटर. दोन मीटरवर दोन्ही दुप्पट, म्हणजे बटण जवळपास १३ सेंटिमीटरचं. स्क्रीनवर हे बटण बटबटीत दिसतं. क्लायंट नाक मुरडेल, मुरडू द्या.

आणि मराठीला एवढंही पुरत नाही. क्वेस्ट २ मध्ये नजरेच्या एका अंशात सुमारे २० पिक्सेल (चित्राचे ठिपके), क्वेस्ट ३ मध्ये २५. त्या हिशेबानं एक मीटरवरच्या २४ मिलिमीटरच्या अक्षराला २७ ते ३४ पिक्सेल मिळतात आणि त्यातच शिरोरेषा, वरचा रफार, खालचा उकार बसवायचा. मी मराठी मजकूर तिसऱ्या हिश्श्यानं मोठा धरतो आणि ओळींत मोकळी जागा सोडतो. त्याहून मोठी भानगड इंजिनची. युनिटीतलं मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जोडाक्षरं स्वतःहून जुळवत नाही. ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी भलतीकडे जाते आणि ल फुटतो. अनरियल आणि गोडो ४ या दुसऱ्या इंजिनांत अक्षरं नीट जुळवणारं हार्फबझ असल्यानं ही अडचण येत नाही. युनिटीच वापरायचं असेल तर मजकुराची चित्रं करून लावणं हा ओबडधोबड पण खात्रीचा उपाय. मजकूर वारंवार बदलणार असेल तर मात्र याच एका कारणासाठी इंजिन बदलायचा विचार करा.

तिसरा पर्याय मनगटावरचा मेनू: हात वळवला की घड्याळासारखा दिसतो. रोज वापरणाऱ्याला झकास. पण पहिल्यांदाच चष्मा घातलेल्या माणसाला मनगटाकडे बघायचं सुचत नाही, तो हवेत हात हलवत ‘कुठं दाबू भाऊ?’ एवढंच विचारतो.

चौथा पर्याय मला प्रदर्शनासाठी सगळ्यात आवडतो: मेनूच नाही, दृश्यातल्या वस्तूच बटणं. सीताबर्डीच्या लढाईत दोन टेकड्या होत्या. लहान टेकडी इंग्रजांच्या हातून गेली आणि पुन्हा त्यांनी घेतली. हे सांगायला फलक कशाला? बाजूला दुर्बीण ठेवा. ती डोळ्याला लावून लहान टेकडीकडे वळलं की तिथली घटना सुरू. यात मेहनत जास्त, प्रत्येक वस्तूचं वागणं वेगळं लिहावं लागतं. आणि नुसतं मागं दिसणारं झाड कुठलं नि उचलता येणारी वस्तू कुठली, हे जवळ गेल्यावर उजळून दाखवलं नाही तर लोक झाडाचीच फांदी ओढत बसतात.

इनपुटचा, म्हणजे माणूस निवड कशानं करणार याचा, प्रश्न यावरूनच सुटत जातो. प्रदर्शनात मोकळे हात सोपे वाटतात, पण हात ओळखणारे कॅमेरे अंधाऱ्या हॉलमध्ये चाचपडतात. तेव्हा हॉल उजेडाचा ठेवा किंवा एकाच बटणाचा नियम करून हातात धरायचा कंट्रोलर द्या. नजर रोखून निवडायचं असेल तर सेकंद-दीड सेकंदाची भरत जाणारी गोल रेघ हवी, नाहीतर सहज बघितलं तरी काहीतरी उघडतं. स्टॉल उघड्यावर असेल तर चष्मा भिंगं वर करून टेबलावर ठेवू नका; ऊन भिंगातून एकवटून आतला पडदा जाळतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याला फार वेळ लागणार नाही. उन्हाळ्यात घामाचाही विचार करा: धुता येईल असं फेस कव्हर घ्या आणि दृश्य पाच मिनिटांपलीकडे नेऊ नका.

बुटीबोरीच्या कामात उलट आहे. तिथं कंट्रोलर हवाच. खटका ओढल्यावर हाताला थरथर जाणवली पाहिजे, हवेत चिमूट मारून कुलूप लावल्याचा सराव होत नाही. खटका, कुलूप, लाल बटण या वस्तू खऱ्या मापाच्या आणि खऱ्या उंचीवर. पायऱ्यांची यादी मशीनशेजारच्या फलकावर, जिथं ती कारखान्यातही लावलेली असते. ‘पुन्हा सुरू करा’ आणि ‘बाहेर पडा’ मात्र मनगटावर, कारण ही माणसं तेच दृश्य अनेकदा करणार. बजेट एकाच गोष्टीला पुरत असेल तर इथं ते खटक्यावर घाला, फलकाच्या सजावटीवर नको.